चौदा एप्रिलपासून ग्राह्य धरावे

माझ्या भाच्याच्या बढतीची तारीख फौजेच्या कागदावर सतरा दिवस पुढे पडली आहे. ती फौजेने पाडलेली नाही, मी पाडली आहे. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे वाचता वाचता सरकारला शिव्या घालायची कोणाला घाई नको. सरकारला शिव्या घालण्यात माझाही हात कोणी धरणार नाही, पण या वेळी त्या जागी मी आहे.

मी देवमन. तालुक्याच्या कचेरीत चौतीस वर्षं काढली. आवक-जावकच्या टेबलावर लागलो आणि अव्वल कारकून म्हणून बाहेर पडलो. आमचं गाव मंगरूळपीरपासून नऊ किलोमीटर. निवृत्त झाल्यावर गावातला प्रत्येक अर्ज माझ्याच ओट्यावर लिहिला जातो. सातबारा असो, रेशनकार्ड असो, पोरीच्या वसतिगृहाचा दाखला असो, लोक कोरा कागद घेऊन येतात आणि मी लिहितो. विषय, संदर्भ, महोदय. या तीन जागा नीट भरल्या की अर्धं काम झालं. हल्लीची पोरं मोबाइलवर काहीतरी बडवून पाठवतात आणि वर म्हणतात, उत्तर नाही आलं. कसं येईल? अर्ज म्हणजे काही पोळी नव्हे, कशीही लाटली तरी पोटात जायला. माझा अर्ज कधी परत आलेला नाही, हे मी चारचौघांत छातीवर हात मारून सांगत असे.

खिडकीच्या आतल्या बाजूला बसणारा माणूस मात्र मी कडक होतो. "कागद काय म्हणते ते पाहा," हे माझं ठरलेलं वाक्य. एकदा गोजराबाई नावाची एक म्हातारी आली होती. तिचा नवरा महिन्याच्या तीस तारखेला गेला आणि कुठल्याशा योजनेत नाव बसायला तो एक तारखेला जिवंत असायला हवा होता. ती म्हणाली, "सायेब, दोन दिवस पुढं ढकला ना त्याले." अख्खं टेबल हसलं. मी म्हणालो, "बाई, मेल्याची तारीख पुढं जात नसते." तीही ओशाळून हसली, पिशवी उचलली आणि गेली. तो किस्सा मी पुढे कितीतरी लग्नांच्या पंगतीत सांगितला आहे. लोक हसत.

आता सतीशचं सांगतो.

सतीश माझ्या धाकट्या बहिणीचा, बेबीचा मुलगा. गाव तिला बेबीताई म्हणतं. बाप ग्यानबा सतीश सातवीत असतानाच गेला. बेबीने आधी लोकांच्या वावरात निंदण-खुरपण केलं, मग गावच्या जिल्हा परिषद शाळेत मुलांची खिचडी शिजवायचं काम मिळालं. आजही ती तेच करते. सतीश शिकला, मालेगावच्या एका हायस्कूलमध्ये विज्ञानाचा मास्तर झाला आणि मास्तर असतानाच परीक्षा, मुलाखत, मेडिकल असं सगळं पार करून प्रादेशिक सेनेत अधिकारी झाला. प्रादेशिक सेना म्हणजे आपली नोकरी सांभाळून केलेली फौज. वर्षातले दहा महिने खडू आणि दोन महिने बंदूक. गरज पडली की सरकार पूर्ण वेळ बोलावून घेतं, ती वेगळी गोष्ट. गावातले रिकामटेकडे त्याला "अर्धा फौजी" म्हणायचे. तो हसून म्हणायचा, "अर्धा तं अर्धा, पन सॅल्यूट पूरा भेटते."

लेफ्टनंट सतीश. दोन्ही खांद्यांवर दोन-दोन स्टार. पहिल्यांदा तो त्या वेषात गावी आला, तेव्हा बेबीने त्याला ओवाळलं नाही, की दृष्ट काढली नाही. ती शाळेच्या चुलीपाशी उभी राहून नुसती पाहत राहिली आणि तिची खिचडी खाली लागली. त्या दिवशी पोरांनी करपट खिचडी खाल्ली आणि एकानेही तक्रार केली नाही.

दोन हजार तेवीसच्या पावसाळ्यानंतर त्याच्या पलटणीला पूर्ण वेळ बोलावणं आलं. शाळेतून रजा घेऊन तो वर डोंगरात गेला. मार्चच्या शेवटी फोन आला.

"मामा, कॅप्टन झालो. अठ्ठावीस मार्चपासून. ऑर्डर निंगली."

मी चहाचा कप हातात घेऊन अंगणात उभाच राहिलो. आमच्या आज्याने दुसऱ्याच्या वाड्याबाहेर उभं राहून जोहार घातलेला आहे. आता त्याच घरात कॅप्टन. मला रडू आलं, आणि ते लपवायला मी त्याच्यावरच खेकसलो की फोन आधी आईला का नाही केला.

"केला ना. थे म्हनते, तिसरा स्टार मी लावीन."

फौजेत अशी पद्धत आहे की बढती झाली की नवा स्टार मोठा साहेब लावतो, आणि घरचं माणूस हजर असेल तर एका खांद्यावर ते लावतं. सतीशला बारा एप्रिलपासून आठ दिवस रजा मिळत होती. तेव्हा ठरलं की त्याने पलटणीत स्टार लावून घ्यायचाच नाही. गावी यायचं, आणि चौदा एप्रिलला विहारासमोर, सगळ्या गावादेखत, बेबीने लावायचा.

आता हे बाहेरच्याला समजावून सांगावं लागेल. आम्ही छप्पन्न सालापासून मुहूर्त मानत नाही. पंचांग घरात नाही, शुभ-अशुभ नाही. पण आमच्या वस्तीत नवी मोटरसायकल कधी निघते? चौदा एप्रिलला. घराला रंग कधी? चौदा एप्रिलच्या आधी. पोरीची सोयरीक, दुकानाचं उद्घाटन, बोअरची मोटर, सगळं त्या एका दिवसासाठी राखून ठेवलेलं. मी स्वतः सायकल घेतली होती फेब्रुवारीत आणि दोन महिने ती पोत्याखाली झाकून ठेवली होती. बायको म्हणाली, सायकल गंजून राह्यली. मी म्हणालो, गंजू दे.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पुढचं डोकं माझं.

मी सतीशला म्हणालो, "नुसता समारंभ चवदाले करशीन अन् पुस्तकात अठ्ठावीस मार्च राहीन, तं जलमभर दोन तारखा होतीन. तसं नाई चालत. नोंद अन् समारंभ एकाच तारखेचा पाह्यजे. तू बढतीच चवदा एप्रिलपासून मागून घे. सर्व्हिसच्या पुस्तकात बाबासाहेबाच्या जयंतीची तारीख लागली पाह्यजे."

"मामा, सतरा दिवसाची सिनिऑरिटी जाते ना."

"सतरा दिवसानं काय तुह्यं जनरल होनं अडते?"

तो हसला. मामाचं तो कधी मोडत नसे. मी फोनवरच अर्ज सांगितला. विषय, पदोन्नतीचा दिनांक पुढे घेणेबाबत. "सदर पदोन्नती माझ्या स्वखुशीने दिनांक १४ एप्रिलपासून ग्राह्य धरण्यात यावी, याबाबत भविष्यात माझी कोणतीही तक्रार राहणार नाही." हे शेवटचं वाक्य मी चौतीस वर्षं लोकांकडून लिहून घेत आलो होतो. ते नसलं की मला अर्ज अर्धवट वाटतो. त्याने त्याचं इंग्रजी केलं, सही केली आणि साहेबासमोर ठेवला. तीन दिवसांत मंजुरी आली. मी गावात दोन ठिकाणी सांगितलं की पाहा, माझा अर्ज फौजेतही चालतो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

सतीशने दोन पितळी स्टार कुरिअरने पुढे पाठवून दिले. दोन खांद्यांवर एकेक वाढवायचा, म्हणून दोन. ते पाठीमागून पेचाने आवळावे लागतात. बेबीचे हात चुलीने आणि खुरप्याने जाड झालेले, बारीक पेच बोटांत ठरेना. मग तिने सतीशचा शाळेतला जुना शर्ट काढला, त्याच्या खांद्याला कापडाची पट्टी शिवली आणि रोज दुपारी खिचडीची भांडी घासून झाली की सराव करायची. लावायचा, काढायचा, पुन्हा लावायचा. सहा एप्रिलला मला म्हणाली, "दादा, आता डोये मिटून लागते."

नऊ एप्रिलला सतीशची गाडी डोंगरातल्या वळणावर रस्ता खचून दरीत गेली. गाडीत तिघं होते. तिघंही गेले.

अकरा तारखेला पेटी आली, तिरंग्यात गुंडाळलेली. बरोबर एक तरुण अधिकारी आणि सहा जवान. विहारासमोर गाव जमलं होतं. मंगरूळपीर, कारंजा, कुठून कुठून माणसं आली होती. जयंतीसाठी लावलेल्या निळ्या पताका अजून नव्याकोऱ्या होत्या, त्या काढायचं कोणाला सुचलं नाही. पेटीवर त्याची टोपी, पट्टा आणि घडी केलेला वर्दीचा शर्ट ठेवला होता. खांद्यावर दोन-दोन स्टार.

बेबी रडत नव्हती. ती कमरेची पिशवी सोडत पुढे आली आणि मुठीतले दोन स्टार त्या अधिकाऱ्यासमोर धरले.

"सायेब, मले लावू द्या. मले येते."

त्याला आधी कळलं नाही. मग कोणीतरी सांगितलं. त्याचा चेहरा पडला. पोरगाच होता, सतीशच्याच वयाचा. त्याने टोपी काढली आणि हिंदीत म्हणाला, "माताजी, उनका प्रमोशन चौदह तारीख से है। मैं... नहीं लगाने दे सकता।" हे बोलताना त्याच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं.

मला त्या क्षणी त्याचा गळा धरावासा वाटला. काय बिघडलं असतं? दोन मिनिटं तोंड फिरवून उभा राहिला असता तर कोणत्या देशाची सीमा मोकळी पडणार होती? पण नंतर अनेकदा विचार केला. त्याच्या जागी मी असतो तर मीही लावू दिला नसता. मी तर रडलोही नसतो.

बेबीने मूठ मिटली आणि मागे येऊन उभी राहिली. सतीश लेफ्टनंट म्हणून जळाला.

बाकीचं जे मिळायचं ते सरकारने वेळेवर दिलं, त्याबद्दल माझी किंवा बेबीची एका अक्षराची तक्रार नाही. प्रश्न उरला तो दगडाचा. ग्रामपंचायतीने ठरवलं की सतीश ज्या शाळेत शिकला आणि जिथे त्याची आई खिचडी शिजवते, त्या शाळेच्या फाटकाशी त्याच्या नावाचा दगड बसवायचा. सरपंच धनराज भला माणूस आहे, पण भित्रा. तो माझ्याकडे आला.

"देवमन भाऊ, बेबीताई म्हनते कॅप्टन लिवा. मीबी म्हनतो कॅप्टन लिवा. पन कागद पाह्यजे. उद्या कोन्या विरोधकानं तक्रार केली, तं म्हनतीन सरपंचानं खोटा हुद्दा लिवला. मंग त्या पोराच्याच नावाले बट्टा."

बरोबर होतं त्याचं. काळा दगड कोरायला गेला. नाव, जन्म, मृत्यू, गाव सगळं कोरून झालं. फक्त नावाच्या आधीची जागा कोरी ठेवली. दगडवाला म्हणाला, हुद्दा सांगा, तासाभराचं काम आहे.

बेबी मला एवढंच म्हणाली, "दादा, तुह्या हातचा अर्ज कधी वापस नाही आला."

"तारीख चुकली हाये," मी तिला सांगितलं होतं. "कारकुनाची चूक हाये. दुरुस्त होते." मी खोटं बोललो नाही. फक्त कोणत्या कारकुनाची, ते सांगितलं नाही. कसं सांगणार? सांगायचं म्हणजे हेही सांगावं लागलं असतं की तिला स्टार आपल्या हाताने लावायचा होता म्हणून ही तारीख मागितली गेली. तिच्या एवढ्याशा हौसेने पोराचा हुद्दा गेला, हे तिला कोणत्या तोंडाने सांगू?

जून महिन्यात पहिला अर्ज लिहिला. वाशीमला सैनिकांच्या कामकाजाचं जे कार्यालय आहे, तिथे गोविंदसिंग नावाचा माजी हवालदार मदतीला बसतो. मोठ्या मिशांचा, मोकळ्या मनाचा. त्याने अर्ज वाचला, चष्मा कपाळावर चढवला.

"लिखावट एकदम फस्क्लास हाये, देवमनजी. पन मले एक सांगा. अठ्ठावीसची चवदा केली कोनं?"

मी म्हणालो, "त्यानं मागून घेतली."

"अन् आता तुमी म्हनता वापस अठ्ठावीस करा." त्याने मिशीवरून हात फिरवला. "मानूस जिवंत असता तं त्यानं लिवून देल्लं असतं, मले नको चवदा. आता कोन लिवन? त्याची सही तं चवदावरच हाये. तरी धाडू. धाडाले काय जाते?"

सप्टेंबरात उत्तर आलं. चार ओळी. अभिलेखानुसार पदोन्नतीचा दिनांक १४ एप्रिल, अधिकाऱ्याचा मृत्यू ९ एप्रिल, सबब विनंती मान्य करता येत नाही. चांगलं पत्र होतं. मी असतो तर असंच लिहिलं असतं. ते मी ट्रंकेत ठेवलं आणि बेबीला सांगितलं की अजून विचार चालू आहे.

दुसरा अर्ज जास्त जोरात लिहिला. मूळ आदेश २८ मार्चचाच होता, तारीख पुढे घेणं ही केवळ समारंभापुरती सोय होती, सबब मूळ आदेश कायम करावा. लिहिताना मला माहीत होतं की हे खरं नाही. समारंभापुरती सोय मागायला सतीश तयार होता. बढतीच पुढे घ्या, हे मी लिहून दिलं होतं, आणि वर तक्रार राहणार नाही म्हणून कुलूपही लावलं होतं.

गोविंदसिंगने त्याच्या पलटणीतल्या एका अधिकाऱ्याचा नंबर मिळवून दिला. मी फोन केला. तो सतीशला ओळखत होता, एका खोलीत राहिले होते. "अंकल," तो म्हणाला, "वो तो खुद सतीश ने माँगा था। सीओ साहब हँसे थे। बोले, लड़का अपनी माँ के लिए कर रहा है, दे दो।" मग म्हणाला, "अंकल, बहुत कोशिश की हमने भी। काग़ज़ में कहीं जगह नहीं है।"

कागदात जागा नसली की काय होतं, ते मला कोणी शिकवायला नको. चौतीस वर्षं मी लोकांना तेच सांगत होतो.

दुसऱ्या अर्जालाही नकारच आला, तरी मी थांबलो नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. तिसरा अर्ज, मग त्याचं स्मरणपत्र, मग स्मरणपत्राचं स्मरणपत्र. दोन हजार पंचवीसची जयंती आली आणि गेली. दगड तसाच दगडवाल्याकडे पडून राहिला. बेबी रोज विचारत नसे. आठवड्यातून एकदा मी शाळेवरून जात असलो की तांदूळ निवडता निवडता मान वर करायची.

"आलं का काई?"

"चालू हाये."

"बरं." आणि पुन्हा खडे वेचायला लागायची.

ते "बरं" मला फार लागायचं. चिडली असती, भांडली असती, माझ्या नावाने बोटं मोडली असती तर चाललं असतं. कचेरीत मी भांडणारी माणसं हजार पाहिली, त्यांना वाटेला लावता येतं. ही बाई नुसती माझ्यावर विश्वास ठेवून बसली होती.

या मार्चमध्ये शेवटचं पत्र आलं. हे तिसऱ्या अर्जाचं उत्तर. या वेळी लिफाफा जाड होता. पत्रात लिहिलं होतं की प्रकरण सर्वोच्च पातळीवर तपासलं, निर्णय अंतिम आहे, यापुढे पत्रव्यवहार करू नये. आणि सोबत संदर्भासाठी अधिकाऱ्याच्या मूळ अर्जाची प्रत जोडली होती. इंग्रजीत टाइप केलेली. पण वाक्यं माझी होती. कुठलंही वाक्य वाचा, त्याच्या आत मी बसलेलो. "माझ्या स्वखुशीने." "कोणतीही तक्रार राहणार नाही." खाली सतीशची सही, त्या लफ्फेदार रेघेसकट. ती रेघही त्याने माझी पाहूनच उचलली होती.

मी तो लिफाफा चार दिवस खिशात घेऊन फिरलो. धनराज भेटला, म्हणाला, यंदाच्या जयंतीले बसवून टाकू दगड, लोक विचारून राह्यले. मग पाचव्या दिवशी दुपारी शाळेत गेलो. पोरं जेवून वर्गात गेली होती. बेबी एकटीच खिचडीचा मोठा गंज घासत बसली होती. मी पोत्यावर बसलो.

"बेबे, उत्तर आलं. नाही म्हनते. आता कायमचं नाही म्हनते."

तिने हात थांबवले नाहीत.

"अन् अजून एक सांगाचं हाये," मी म्हणालो. "ते चूक कोन्या कारकुनाची नोहे. ते तारीख सतीशनं मागून घेतली व्हती. अन् त्याले मी लावलं होतं मागाले. अर्ज मी सांगतला. मायाच अर्जानं त्याचा हुद्दा गेला." एवढं बोललो. अडुसष्ट वर्षांचा माणूस, शाळेच्या स्वयंपाकघरात पोत्यावर बसून लहान पोरासारखा रडलो. बेबीने गंज पालथा घातला, पदराला हात पुसले.

"मले मालूम हाये," ती म्हणाली.

मी मान वर केली.

"त्यानंच सांगतलं व्हतं मले फोनवर. म्हने, आई, तुह्यासाठी जयंतीची तारीख मागून घेतली. मामानं अर्ज सांगतला. लय खूश व्हता."

"मंग दोन वर्सं काहून बोलली नाही? मी तुह्याशी खोटं बोलून राह्यलो, धावून राह्यलो, अन् तू नुस्ती बरं बरं म्हनत राह्यली?"

"काय बोलू दादा?" ती माझ्यासमोर जमिनीवर बसली. "तू अर्ज करून राह्यला व्हता. जोवर तुहा अर्ज चालू हाये, तोवर वाटे माह्या पोराचं अजून काईतरी व्हाचं बाकी हाये. नाई तं काय बाकी राह्यलं त्याचं? तू थांबला असता म्हनून मी नाही बोलली."

वर्गातून पोरांचे पाढे ऐकू येत होते. ती उठली, भिंतीवरच्या खुंटीची पिशवी काढली आणि त्यातून ते दोन स्टार बाहेर काढून तळहातावर ठेवले. पितळ काळं पडलेलं नव्हतं. ती रोज राखेने घासत असणार.

"तारीख मांगं येत नाही म्हनते ना थे?"

"नाही येत."

"मंग अजून एक अर्ज लिव."

"बेबे, आता कायचा अर्ज? संपलं म्हनते ते. लिवू नका म्हनते."

"तो बढतीचा संपला," ती म्हणाली. "हा दुसरा. बढती मांगं येत नाही तं मराची तारीख पुढं न्या म्हना. पाचच दिवस तं हायेत. त्याईनंच लिवली ना थे कागदावर? मंग त्याईलेच बदलता येईन. चवदा तारखेले गेला म्हना. सकाऊन मी स्टार लावला, अन् मंग गेला म्हना."

ती हे वेडाच्या भरात बोलत नव्हती. शांतपणे, पोरांच्या खिचडीला किती तांदूळ लागेल त्याचा हिशोब सांगावा तशी बोलत होती. गोजराबाईला दिलेलं उत्तर माझ्या तोंडापर्यंत आलं. चौतीस वर्षांचं घोटलेलं वाक्य, आपोआप आलं. ते मी गिळून टाकलं.

बेबी वर्गात गेली, मास्तरणीकडून एक कोरा कागद आणि पेन मागून आणलं आणि पालथ्या गंजावर माझ्यासमोर ठेवलं. मी डोळे पुसले, चष्मा लावला. विषय लिहिला, संदर्भ लिहिला. महोदय लिहून खाली स्वल्पविराम दिला आणि पुढचं वाक्य शोधत बसलो. बेबी शेजारी बसून माझ्या हाताकडे पाहत होती.

"अक्षर चांगलं काढजो दादा," ती म्हणाली.